राखणीच्या पाकळ्या

गुरुवार उजाडला की तार्हेलिया फारिनांगोचं डोकं सकाळपासूनच तापायला लागे. कॉफीत साखर जास्त पडली तरी चूक माएस्त्रो आल्बूहाची, आणि गॅसवाला उशिरा आला तरी त्याच मेल्याची. संध्याकाळी सहाला चर्चच्या सभागृहात फोटो मंडळाची बैठक भरायची. तिथे हा एउदोरो आल्बूहा, एके काळी चौकात ज्याचा फोटो स्टुडिओ होता तो, बिलियर्डची जुनी काठी हातात धरून पडद्यावरच्या एकेका फोटोची चामडी सोलायचा. सगळं मंडळ त्याला माएस्त्रो, म्हणजे गुरुजी, म्हणत असे. तार्हेलियाही तोंडावर माएस्त्रोच म्हणायची, पण ती ज्या सुरात म्हणायची त्यात आदर शोधायला भिंगच लागलं असतं.

मंडळाचा नियम असा की ज्याचा फोटो पडद्यावर असेल त्याने तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की उभं राहून 'आभारी आहे' एवढं म्हणायचं आणि खाली बसायचं. हा नियम आल्बूहानेच केला होता. ज्याला जन्मभर गिऱ्हाइकाला 'मान वर, श्वास रोखा, हलू नका' सांगायची सवय, तो दुसरं काय करणार?

सहा वर्षांपूर्वी तार्हेलिया पहिल्यांदा फोटो घेऊन गेली, तेव्हा पडद्यावर बरोबर मध्यभागी एक लाल गुलाब होता. आल्बूहाने काठी टेकवली आणि नावाआधी बाईसाहेब अशा अर्थाचं 'दोन्या' लावून म्हणाला, "दोन्या तार्हेलिया, हा फुलाचा फोटो आहे की ओळखपत्राचा? ह्या गुलाबाला मतदान करायचंय का?"

सभागृह हसलं. नियमाप्रमाणे ती उठली, आभार मानले, खाली बसली. दाराशी कॉफीचं भांडं घेऊन मेल्बा उभी होती. मेल्बा तिची कोमाद्रे. मेल्बाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तार्हेलियानेच हातावर घेतलेलं, हे ते नातं. मंडळाला बिस्कोचो, म्हणजे घरच्या भट्टीतली बिस्किटं, आणि कॉफी पुरवायचं काम मेल्बाचं, त्यामुळे सगळा तमाशा तिला फुकट बघायला मिळे. परत जाताना तार्हेलिया तिला म्हणाली, "चाळीस वर्षं ओळखपत्राचे फोटो काढून पोट भरलं ह्याने, आणि मला नावं ठेवतोय!"

"मग जाऊ नकोस पुढच्या वेळी."

"जाणार नाही तर काय! जाणारच. त्याच्या छातीवर बसून जाणार."

आणि ती गेली. पुढच्याच गुरुवारी गुलाब मध्यावरून बाजूला सरकला होता. राग राग करत का होईना, तिने त्याचं ऐकलं होतं, आणि हे तिने कुणालाही, मेल्बालाही, कधी कबूल केलं नाही.

ह्या बाईचा गुलाबाशी संबंध काय म्हणाल, तर गुलाबाच्या मळ्यांनी वेढलेल्या आमच्या कायांबेत दर दुसऱ्या घराचा असतो तोच. पण तिचा जरा जास्त. सव्वीस वर्षं ती एका मळ्यावर प्रतवारीच्या शेडमध्ये उभी होती. थंडगार शेड, पायांत रबरी बूट, समोर गुलाब अडकवलेली लोखंडी घोडी. एक गुलाब उचलायचा, फिरवायचा, वरून बघायचा, ठरवायचं, ठेवायचा. तीन सेकंद. राखाडी बुरशीचा टाचणीएवढा ठिपका, फुलकिड्याने चाटलेली कड, मानेतला बाक, हे सगळं त्या तीन सेकंदांत. पंचवीस झाले की जुडी, जुडीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर बाईचा नंबर. तिचा सत्तेचाळीस. परदेशात कुणाच्या टेबलावर कुठली जुडी माना टाकायला लागली तर शिव्या सत्तेचाळीसला. कुणी वाहवा केली तर ती मळ्याला. डागी माल देशातच राही, बाजारात स्वस्तात जाई, आणि त्या मालाला शेडमध्ये सगळे 'राष्ट्रीय' म्हणत. म्हणजे बघा, जे दुसऱ्याला द्यायच्या लायकीचं नाही ते राष्ट्रीय! इतकी वर्षं हा शब्द ऐकून आम्हाला त्यात काही वाटेनासं झालंय, हेच जास्त चीड आणणारं आहे.

आणखी एक काम हातालाच लागलेलं असे. गुलाबाच्या अगदी बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या जाड असतात, वेड्यावाकड्या, हिरवट शिरांच्या. कळीला त्या थंडीवाऱ्यापासून सांभाळतात, म्हणून त्यांना राखणीच्या पाकळ्या म्हणायचं. शेडमध्ये त्या आधी खुडायच्या, म्हणजे फूल गोल आणि गुळगुळीत दिसतं. त्याला डोकं लागत नाही. बोलता बोलता, शेजारणीची उणीदुणी काढता काढता, बोटं आपोआप खुडत राहतात.

गुडघे गेले तेव्हा तिने शेड सोडली. दातांचे डॉक्टर प्रोआन्यो, मंडळातलेच, त्यांनी नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना तिने घेतला. मळ्यातल्या फुलावर सत्तेचाळीस लागायचं. हिला आता फुलाखाली तार्हेलिया फारिनांगो लिहिलेलं हवं होतं, ते पण भिंतीवर, गावातले लोक येता-जाता वाचतील अशा ठिकाणी. सान पेद्रोच्या जत्रेत मंडळाचं प्रदर्शन लागतं, बारा फोटोंचं. त्या बारांत एक. बाकी तिला काही नको होतं. पाच वर्षं तिचा फोटो त्या बारांत बसला नाही, कारण निवड आल्बूहाची.

दुसऱ्या वर्षी तिने बुरशीच्या ठिपक्याचाच फोटो नेला. राखाडी, मऊ, कडेला तांबूस वलय असलेला. तिला तो सुंदर वाटला होता. आल्बूहा म्हणाला, "बाई, कचराकुंडीत वाकून कला सापडत नाही, कंबर मात्र धरते." तिसऱ्या वर्षी मागे मळ्याच्या प्लास्टिकच्या छताचा पांढरा तुकडा आला. "कोपऱ्यात हा दिवा कुणी लावला? नजर फुलाकडे जातच नाही, दिव्याकडे पळते." चौथ्या वर्षी फोकस पुढच्या पाकळीच्या कडेवर होता. "फुलाच्या नाकावर फोकस आणि डोळे धुक्यात! माणसाचा असा फोटो काढला असता तर गिऱ्हाइकाने मला चौकात बडवलं असतं." पाचव्या वर्षी फूल चांगलं होतं, पण चौकटीत इतकं दाबून बसवलेलं की तो म्हणाला, "श्वास घेऊ द्या हो त्याला. हे फूल आहे की बसमध्ये कोंबलेली बाई?"

हे सगळे टोमणे तिला तोंडपाठ होते. भांडी घासताना ती ते त्याच्या आवाजात म्हणायची आणि मग आपल्या आवाजात उत्तर द्यायची. उत्तरात त्याच्या त्या मोठ्या गुलाबाचा उद्धार हमखास असे. सभागृहाच्या दाराजवळ आल्बूहाचा एक फोटो कायमचा टांगलेला होता, 'पहाटेचं दव' नावाचा, आणि ते दव म्हणजे औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन होतं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तो फोटो राजधानीत, क्वितोला, बक्षीस मिळवून आला आणि पुढच्याच वर्षी ह्याच गृहस्थाने मंडळात ठराव केला की निसर्ग विभागात फुलाला हात लावलेला चालणार नाही. तोडायचं नाही, पाणी शिंपडायचं नाही, पाकळी हलवायची नाही. अर्जावर तशी सही करायची. स्वतः चढून झालं की शिडी काढून घ्यायची, ह्यात माणूस पटाईत.

तार्हेलियासुद्धा कुणाला सोडत नसे, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्याच्या फोटोवर बोलायची मुभा सगळ्यांना होती, आणि ती मुभा ती पुरेपूर वापरायची. त्यामुळे मंडळात तिच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे.

ह्या वर्षी जूनच्या सुरुवातीला मेल्बाच्या परसात एक जुना फिका गुलाबी गुलाब उमलला. मळ्यातला नव्हे, मेल्बाच्या सासूने लावलेला. तार्हेलिया तो रोज बघून जायची. चौथ्या दिवशी सकाळी ती तिपाई घेऊन आली. मागे तारेवर मेल्बाच्या नवऱ्याचं गडद हिरवं जाकीट टांगलं, म्हणजे पार्श्वभूमी शांत. डाव्या बाजूला बिस्कोचोचा पत्र्याचा ट्रे उभा केला, त्यावरून उजेड हळूच पाकळ्यांच्या आत जाईल असा. लेन्स उलटी बसवली, तशी बसवली की ती मुंगीलासुद्धा बैलाएवढी करते. मग फुलाजवळ जाऊन डोळा भरून बघितलं, आणि मागे येऊन वारा पडायची वाट बघत बसली.

"तासभर झाला," मेल्बा म्हणाली. "मला ट्रे पाहिजे. भट्टी तापलीय."

"तापू दे. हलू नकोस, तुझा वारा लागतो."

"माझा वारा लागतो? माझ्या परसात उभी राहून मलाच?"

"मेल्बा, तोंड बंद. फूल हलतंय."

वारा पडला. तिने श्वास रोखला आणि दाबलं. चाळीस वेळा दाबलं. त्यातला एक फोटो तिला कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर दिसला आणि तिने ट्रे उचलून मेल्बाच्या हातात दिला. फोकस आत, पुंकेसरांवर. पुढची बाजू बुडापर्यंत स्पष्ट, मागच्या पाकळ्या हळूहळू विरत गेलेल्या. कोपऱ्यात काही नाही. फुलाला श्वास घ्यायला जागा. त्या माणसाला बोट ठेवायला जागा नाही!

अर्जावर तिने सही केली. फुलाला हात लावलेला नाही. तिला तसंच वाटत होतं.

गुरुवारी निवडीची बैठक होती. आधी डॉक्टर प्रोआन्योंचं ऑर्किड आलं. तार्हेलिया म्हणाली, "डॉक्टर, ऑर्किडची जीभ तेवढी स्पष्ट आहे, बाकी सगळं ढगात. दाढ काढतानाही असंच बघता का?" लोक हसले, डॉक्टर लाल झाले, आल्बूहाने ऑर्किड पास केलं.

मग तिचा गुलाब पडद्यावर आला.

 डॉक्टरांना उट्टं काढायची संधी होती, पण तेही खुर्चीत पुढे सरकून बघत राहिले. आल्बूहा उठला, पडद्याजवळ गेला, काठी खाली धरून उभा राहिला. तार्हेलियाचे हात मांडीवर घट्ट दाबलेले.

"हं," तो म्हणाला. "मी सहा वर्षं ह्या बाईला बोलतोय. आज काय बोलू? नजर थेट आत जाते आणि आतच राहते. मागचा हिरवा बघा, आहे आणि नाही. आणि मुख्य म्हणजे हे." त्याने काठीचं टोक फुलाच्या खालच्या बाजूला टेकवलं. "ही बाहेरची गोलाई. किती स्वच्छ! असं फूल मिळायला नशीब लागतं, आणि मिळाल्यावर त्याला जसंच्या तसं राहू द्यायला अक्कल. हात न लावता काढलेला फोटो कसा असतो ते ह्यावरून शिका. माझ्याकडून पास. अगदी मधल्या जागी लावू."

टाळ्या वाजल्या. मेल्बाने तर कॉफीच्या भांड्यावर चमचा वाजवला. तार्हेलियाच्या डोळ्यांसमोर सान पेद्रोचा दिवस आला. शेडमधल्या बायका जत्रेच्या कपड्यांत येतील, भिंतीसमोर थांबतील, खाली नाव वाचतील.

आणि ती काठीच्या टोकाकडे बघत होती म्हणूनच तिला ते दिसलं.

फुलाच्या बुडाशी, देठाजवळच्या हिरव्या पानांच्या जरा वर, दोन फिकट चंद्रकोरी होत्या. पडद्यावर हाताएवढ्या मोठ्या. तिथे दोन पाकळ्या असायला हव्या होत्या आणि त्या नव्हत्या. बाहेरची गोलाई स्वच्छ होती, कारण कुणीतरी ती स्वच्छ केली होती. ओरखडा खाली ओढलेला, किंचित डावीकडे. शेडमध्ये डावरी एकटी तीच होती. ते खुडणं तिचंच होतं. फूल जवळून बघायला गेली तेव्हा हाताने आपलं काम करून टाकलं होतं, तिला न विचारता. सव्वीस वर्षांत कधी विचारलं होतं?

 नियम होता गप्प बसायचा. उठायचं, आभार मानायचे, बसायचं. इतकं सोपं होतं. ती उठली.

"माएस्त्रो, तुम्हाला दिसत नाही?"

"आभारी आहे म्हणा आणि बसा, दोन्या तार्हेलिया."

"राखणीच्या पाकळ्या नाहीत त्याला. दोन खुडल्यात. मीच खुडल्यात, मला कळलं नाही. तुमची काठी त्याच जागेवर आहे."

आल्बूहाने काठीच्या टोकाकडे बघितलं. चष्मा वर केला, खाली केला. "कुठे?"

ती पुढे गेली, त्याच्या हातातून काठी घेतली आणि पडद्यावर टकटक केलं. "ही एक. ही दुसरी. पांढरट कोर दिसते ना? तिथून पाकळी निघालीय."

"हो, खरंच," डॉक्टर प्रोआन्यो पुटपुटले.

"मला तर काही विशेष दिसत नाही," आल्बूहा म्हणाला. "सावली असेल."

"सावली! माएस्त्रो, दोन पाकळ्या नाहीत म्हणते मी. शेडमध्ये आलेली अठरा वर्षांची पोर तीन सेकंदांत सांगेल. तुम्ही पाच मिनिटं नाक लावून उभे राहिलात आणि म्हणता अक्कल लागते!"

 आल्बूहाचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याने घसा साफ केला आणि चक्क हसला. आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात म्हणाला, "बरं, असेल. दोन पाकळ्यांनी असा काय फरक पडतो? चित्र चांगलं आहे. सही झालेली आहे. बसा आता, लावून टाकू."

तार्हेलियाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "फरक पडत नाही?"

"कुणाला कळणार आहे?"

"सान पेद्रोला शेडमधल्या सगळ्या बायका येतील. त्यांना कळेल."

"अहो, त्या बायकांना फोटोतलं काय कळतं? प्रदर्शन काय त्यांच्यासाठी असतं का?"

तिने काठी टेबलावर ठेवली. आपटली नाही, नीट ठेवली, आणि हे पाहून मेल्बाला जास्त भीती वाटली. मग तार्हेलियाने निवडीच्या गठ्ठ्यातून आपला अर्ज काढून घेतला.

"हा नापास," ती म्हणाली. "निसर्ग विभागात बसत नाही. फुलाला हात लागलाय."

"निवड मी करतो!" आता आल्बूहा ओरडला. "तुम्ही कोण नापास करणार? नियम मोडून बोलताय, मंडळातून नाव काढीन!"

"काढा. आणि माएस्त्रो, एक सांगते. कायांबेत राहून, चारी बाजूंना गुलाब असताना, तुम्ही आयुष्यात एकही गुलाब बघितलेला नाही. पिशवीत भरून लाज आणून दिली तरी तुम्हाला ओळखू येणार नाही."

ती बाहेर पडली. मेल्बा कॉफीचं भांडं तिथेच टाकून तिच्यामागे धावली. बाहेर अजून उजेड होता. वारा सुटला होता आणि चौकात जत्रेच्या माळा लावणारे शिडीवर चढलेले होते.

"तुला वेड लागलंय," मेल्बा धापा टाकत म्हणाली. "त्या दिवशी गुलाबाखाली दोन पाकळ्या पडल्या होत्या, मी झाडून टाकल्या. मला काय माहीत! पण तू तरी गप्प बसायचं ना? तो हो म्हणत होता. मधल्या जागी लावणार होता. तुझं नाव, तार्हेलिया! सहा वर्षं डोकं खाल्लंस माझं ह्या नावापायी."

"हो."

"मग? त्याची जिरवायची म्हणून? त्याची काही जिरली नाही. उद्या तो तिथे डॉक्टरचं दुसरं ऑर्किड लावेल आणि मजेत जेवेल."

"माहितीय."

"पुढच्या वर्षी दुसरा काढ. नीट काढ. तो पास करील, आता त्याला तुझी धास्ती बसलीय."

तार्हेलिया थांबली. औषधाच्या दुकानाची पायरी होती, तिथे बसली. मेल्बाने तिला तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या मयतातही असं पाय पसरून रस्त्यावर बसलेलं पाहिलं नव्हतं.

"कुणाला दाखवू?" ती म्हणाली. "भांडी घासताना, झोपताना, फूल बघताना, मी सहा वर्षं त्याच्याशी भांडतेय. मला वाटायचं, माणूस दुष्ट आहे, मत्सरी आहे, ढोंगी आहे, पण त्याला दिसतं. त्याला दिसतं म्हणून तो बोलतो. आज ना उद्या माझं एक फूल त्याच्या नजरेच्या कसोटीला उतरेल, तेव्हा ते खरंच चांगलं असेल."

 मेल्बा तिच्या शेजारी बसली.

"त्याला काही कळत नाही गं, मेल्बा," तार्हेलिया म्हणाली, आणि मग भर रस्त्यात, लोक बघत असताना, ओक्साबोक्शी रडायला लागली. "मेल्याला काहीच कळत नाही."